हाकेनंतरचा स्वल्पविराम

गावडे मास्तर इंग्रजी व्याकरण शिकवायचे आणि मी मराठी. म्हणजे स्टाफरूममध्ये ते खिडकीजवळच्या खुर्चीवर आणि मी दाराजवळच्या बाकावर. त्या काळी बेळगावच्या हायस्कुलांत इंग्रजीच्या मास्तराला जो मान होता, तो मराठीच्या मास्तराला सासुरवाडीतसुद्धा मिळत नसे. पण बेळगावलगतच्या शहापुरात, विणकरांच्या गल्लीत, आम्ही दोघं एकाच घरात भाड्यानं राहत होतो. मधे एक मातीची भिंत, आणि त्या भिंतीपुढं इंग्रजी-मराठी सगळं सारखंच होतं. माझ्या बायकोची बडबड त्यांना ऐकू जायची, त्यांचा खोकला आम्हाला.

खोकल्याशिवाय तिकडून दुसरं काही ऐकू येत नसे. त्यांची बायको लग्नानंतर दोन वर्षांतच प्लेगात गेली होती, आणि पुन्हा लग्नाचा विषय कुणी काढला की ते छत्री उचलून बाहेर पडत. मी निपाणीचा, तंबाखूच्या बाजारात वाढलेला; समोरचा ऐकत नसला तरी मी बोलतो. मास्तर जांबोटीच्या पलीकडचे, कणकुंबीच्या वाटेवरच्या एका रानातल्या वस्तीतले. चार शब्दांत भागत असेल तर ते पाचवा खर्च करत नसत. बंद गळ्याचा काळा कोट, त्याची सगळी बटणं लावलेली, डोक्यावर रुमाल, पायांत आवाज न करणाऱ्या वहाणा. शाळेत पोरं, गल्लीत विणकर, लष्करी कॅम्पातले ख्रिस्ती मास्तरसुद्धा त्यांना पाहिलं की सरळ उभे राहत. मला पाहून कुणी कधी सरळ उभं राहिलेलं आठवत नाही.

व्याकरणाच्या प्रत्येक मास्तराचं एखादं लाडकं प्रकरण असतं. कुणाचं काळाचं, कुणाचं कर्तरी-कर्मणीचं. गावडे मास्तरांचं लाडकं होतं ‘नॉमिनेटिव्ह ऑफ अ‍ॅड्रेस’. पुस्तकात त्याला अर्धं पान होतं. बाकीचे मास्तर ते घंटा व्हायच्या आधीच्या पाच मिनिटांत उरकत. गावडे मास्तर त्याला आठवडा घेत, आणि त्या आठवड्यात एरवीचा मुका माणूस असा काही बोलायचा की शेजारच्या वर्गात शिकवताना मीच गप्प होऊन ऐकत उभा राहायचो.

ते सांगायचे, “‘गोपाळ, युअर मदर इज कॉलिंग.’ या वाक्यातला गोपाळ कोण? कर्ता? नाही, हाक मारते आहे ती आई. कर्म? तेही नाही. क्रियापदाशी त्याचं काही देणंघेणं नाही. पंगतीत त्याचं पान मांडलेलं नाही. मग हा इथं आला कशाला? तर त्याला हाक मारली म्हणून. ज्याला उद्देशून बोलायचं त्याचं नाव, ते नॉमिनेटिव्ह ऑफ अ‍ॅड्रेस. आपल्यात त्याला संबोधन म्हणतात. ते वाक्याच्या आधी येईल, मधे येईल, शेवटीही येईल. ‘कम हिअर, गोपाळ.’ ‘आय टेल यू, माय फ्रेंड, इट इज लेट.’ कुठंही येऊ दे, त्याच्यापाशी स्वल्पविराम पाहिजे.”

मग फळ्यावर ते शेपटीवाला भलामोठा स्वल्पविराम काढत. “हा का द्यायचा? तर हाक मारल्यावर थांबायचं असतं. समोरच्याला मान वळवून बघायला वेळ द्यायचा असतो. जो थांबत नाही, त्यानं हाक मारलीच नाही. त्यानं नुसता हुकूम सोडला.”

मी मराठीचा मास्तर, संबोधन मीही शिकवत होतो. शब्दाला ‘नो’ लावला की झालं, ‘मुलांनो’, पुढं चला. गावड्यांचं पहिल्यांदा ऐकलं त्या दिवशी मला माझ्याच विषयाची लाज वाटली होती.

उदाहरणं ते पुस्तकातली घेत नसत. प्रत्येक पोराला उभं करून विचारत, तुला घरी काय हाक मारतात? वडगावच्या एका विणकराच्या पोरानं सांगितलं, “आई बाळू म्हणती सर, आप्पा गाढवा म्हणत्यात.” वर्ग हसला. मास्तर हसले नाहीत. त्यांनी फळ्यावर लिहिलं, ‘डाँकी, कम हिअर’, आणि म्हणाले, “बरोबर आहे. व्याकरणाला अपमान कळत नाही. पुढचा.” एकानं सांगितलं की त्याची आई वडिलांना कधी नावानं हाक मारत नाही, नुसतं ‘अवं’ म्हणते. तर मास्तर गंभीरपणे म्हणाले, “आणि वडील वळून बघतात ना? मग झालं.” असं करत करत सगळा वर्ग संपला. तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एका आगाऊ पोरानं विचारलं, “सर, तुमाला घरात काय म्हणत्यात?”

मास्तरांनी खडू ठेवला. हात झटकले. “घंटा झाली,” म्हणाले, आणि वर्गाबाहेर पडले. घंटा व्हायला अजून पुष्कळ वेळ होता. शेजारच्या वर्गाच्या दारात उभं राहून मी ते पाहिलं, आणि माझ्या स्वभावाप्रमाणं त्याची चेष्टा करायची असं मनाशी ठरवलं. पण संध्याकाळी भिंतीपलीकडचा खोकला ऐकला आणि चेष्टा राहून गेली.

ते शहापुरात का राहत होते, याचंही मला कोडं होतं. इंग्रजीच्या मास्तराला चांगल्या वस्तीत घर मिळालं असतं. आमच्या गल्लीत दिवसभर मागांचा खटखटाट. सकाळी सुताला खळ लावायला अख्ख्या गल्लीभर उभ्या धाग्यांचा ताणा पसरलेला, तो ओलांडायचा नाही, म्हणून आम्ही दोघं मास्तर लांबचा वळसा घालून शाळेला जायचो. आमचे घरमालक इराप्पा खड्ड्यातल्या मागावर बसल्याजागी ओरडायचे, “गंगव्वाऽ, कांडी आण गं.” गंगव्वा परसातून ओरडायची, “आले वोऽ.” पोरं, सुना, शेजारी, सगळ्यांचं असंच. मागाच्या आवाजावर आवाज काढल्याशिवाय कुणाला काही ऐकूच जायचं नाही. मी वैतागून म्हणालो, “गावडे, हा बाजार तुम्हाला सहन कसा होतो?” ते म्हणाले, “इथं सारखं कुणीतरी कुणाला तरी हाक मारत असतं.” मला वाटलं ते तक्रार करत आहेत.

शाळेत मात्र त्यांच्यावर एक आळ होता. मास्तर गर्विष्ठ आहेत, हाकेला ओ देत नाहीत. आणि ते खरं होतं. एकदा हेडमास्तरांनी व्हरांड्यातून हाक मारली, “गावडे!” हे चालत राहिले. पुन्हा, “अहो गावडे!” तरी चालले. तिसरी हाक सगळ्या शाळेला ऐकू गेली तेव्हा हे वळले आणि शांतपणे म्हणाले, “येस सर.” हेडमास्तरांचा पारा असा चढला की त्या दिवशी मलाही विनाकारण चार शब्द ऐकावे लागले. घरी येताना मी विचारलं, “कानाचं काही दुखणं आहे का?” मास्तर ओशाळले. म्हणाले, “आमच्या रानात पहिल्या हाकेला ओ द्यायची नसते. रानात माणसासारखी हाक मारणारं दुसरंही काही असतं म्हणतात. ते एकदा मारतं, फार तर दोनदा. माणूस तिसऱ्यांदा मारतो, कारण त्याला आपली गरज असते. आक्कानं लहानपणी कानाला धरून शिकवलं. आता इंग्रजी शिकून इतकी वर्षं झाली, पण मान काही आधी वळत नाही.”

आक्का हे नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. आई-बाप तापात गेले तेव्हा मास्तर गुडघ्याएवढे होते. थोरली बहीण नुकतीच विधवा होऊन माहेरी आलेली. तिनं भाताची खाचरं स्वतः कसली, गुरं राखली, आणि कॅम्पात लाकडं पोचवणाऱ्या एका चुलत्याबरोबर या भावाला पाद्र्यांच्या शाळेत पाठवलं. मास्तर दर सुट्टीत तिच्याकडे जायचे. एका दिवाळीच्या सुट्टीत, माझी बायको माहेरी गेली होती म्हणून, मीही त्यांच्याबरोबर गेलो. जांबोटीपर्यंत सर्व्हिस मोटार, पुढं पायवाट.

वस्ती दिसायच्या आधी आवाज आला. “नाग्याऽऽ! आलास व्हय रंऽऽ?” खाचराच्या पलीकडे एक उंच, काटक बाई कमरेवर हात ठेवून उभी होती. मी मास्तरांकडे पाहिलं. कोटाची वरची दोन बटणं त्यांनी सोडली होती आणि ते चक्क पळत होते. नागेशराव गावडे, आमच्या हायस्कुलातले इंग्रजीचे मास्तर, बांधावरून पळत होते.

आक्कानं त्यांना धरून फिरवून बघितलं. “वाळलास किती रं! इंग्रज तुला खायाला घालत न्हाय काय? आन ह्ये कोण? ह्येबी मास्तर? बसा वो मास्तर, ह्यो आमचा नाग्या असाच हाय, पावण्याला बस म्हणाय कळत न्हाय त्येला.” दोन दिवस ती त्यांच्यावर नुसती ओरडत होती. नाग्या, पाणी आण. नाग्या, वासरू सुटलंय. नाग्या, जेवताना बोलू नगंस. आणि हा माणूस बोलत होता! जेवताना, गुरं बांधताना, अंगणात पडल्या पडल्या. मी त्यांचा आवाज त्या दोन दिवसांत जेवढा ऐकला तेवढा भिंतीपलीकडून दहा वर्षांत ऐकला नव्हता.

निघताना ते दर वेळी विचारत तेच त्यांनी विचारलं. “आक्का, चल की शहापूरला.”

“आन गुरं कोण बघंल? तुझं इंग्रज?”

“विकू या.”

“तुला इकतो आदी,” तिकडच्या बायकांच्या ‘येतो-जातो’च्या बोलीत आक्का म्हणाली आणि पाठ फिरवून गोठ्यात गेली. परतीच्या मोटारीत मास्तर खिडकीबाहेर बघत म्हणाले, “मला अरे म्हणणारी ती एवढीच उरली आहे.” मग कोटाची बटणं लावली.

त्यानंतर काही वर्षांनी आक्का गोठ्यात घसरून पडली. मांडीचं हाड नीट बसलं नाही, डोळेही गेल्यासारखेच झाले होते. आता शहापूरला यायचं तिला मान्य करावंच लागलं. मास्तर तिला आणायला गेले तेव्हा त्यांच्या तोंडावरचा आनंद लपत नव्हता, आणि बहिणीचा पाय मोडल्याचा आनंद होणं बरं नव्हे हेही त्यांना कळत होतं, त्यामुळं चेहऱ्याची मोठी तारांबळ चालली होती. त्यांनी खोली सारवून घेतली होती. तिला उन्हात बसता यावं म्हणून परसात फळी टाकली होती. मी बायकोला म्हणालो, “आता बघ, भिंतीपलीकडं काय गोंगाट चालतो ते.”

गोंगाट झाला नाही. पहिल्या दिवशी झाला तेवढाच. दुसऱ्या दिवशी मास्तर शाळेला निघाले आणि आक्का दारात बसली होती. तिला अंधूक दिसलं ते असं: वयानं मोठे इराप्पा मागाच्या खड्ड्यातून उठून उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले. गल्लीत उभी असलेली माणसं अदबीनं बाजूला झाली. कुणा पोराची आई पोराला घेऊन आली आणि तिनं त्याला मास्तरांच्या पाया पडायला लावलं. आक्का हे सगळं बघत होती. संध्याकाळी मास्तर परत आले, तर ती मोडका पाय सावरत, भिंत धरून, उभी राहिली.

“अगं, बस की,” मास्तर म्हणाले.

“आलासा मास्तर?” आक्का म्हणाली. “च्या ठेवू काय तुमाला?”

मी शेजारी आमच्या दारात होतो. मास्तरांच्या हातातली छत्री तशीच हातात राहिली. ते म्हणाले, “आक्का, मी नाग्या.”

“ते तिकडं रानात वो,” आक्का म्हणाली. “हितं येवढी मोठी माणसं तुमाला अवं म्हणत्यात. मी अरे-तुरे केलं तर लोकं काय म्हणतील? रानातली बाई, मास्तरची इज्जत घालवाय आली म्हणतील.”

तिला वाटत होतं ती भावाचा मान राखते आहे. रानात जिनं एवढं सोसून त्याला शिकवलं, तिला आता कुठं दिसत होतं की आपण काय घडवलं. तिचा अभिमान खरा होता, म्हणून तर त्याच्यावर इलाज नव्हता.

मास्तरांनी इलाज करून पाहिले. ते कसले होते हे सांगितलं तर हसू येईल, मलाही तेव्हा आलं होतं. शाळेतून मुद्दाम उशिरा यायचं, म्हणजे ती खेकसेल. ती म्हणायची, “कामं असत्यात मास्तरला.” ताटात भात टाकून उठायचं. ती म्हणायची, “असू द्या, भूक नसंल.” एकदा त्यांनी दुधाचं भांडंच लवंडलं. मी त्यांच्या दारात उभा राहून वाट पाहत होतो, आता तरी नाग्या म्हणेल. आक्का म्हणाली, “लागलं न्हाय न्हवं तुमाला?” आणि चाचपडत फडकं शोधू लागली. मास्तर खाली बसून तिच्या हातातलं फडकं ओढून घेत म्हणाले, “आक्का, एकदा शिवी तरी दे.” ती लाजून हसली. म्हणाली, “काय तरीच तुमचं.”

त्या वर्षी त्यांनी ते अर्धं पान पाच मिनिटांत शिकवलं. मी शेजारच्या वर्गात नेहमीप्रमाणं गप्प होऊन उभा राहिलो होतो. व्याख्या सांगितली, दोन उदाहरणं पुस्तकातली सांगितली, आणि पुढचं प्रकरण सुरू झालं.

शेवटी त्यांनी नोकरी सोडली. पेन्शनीला थोडीच वर्षं उरली होती. हेडमास्तरांनी समजावलं, मी समजावलं, इराप्पांनी तर हात धरला. “मास्तर, ह्या वयात रानात जाऊन काय करणार तुमी?” मास्तर म्हणाले, “आक्काला इथं करमत नाही.” ते खोटं नव्हतं. पण मला ठाऊक होतं ते कशाच्या आशेनं जात आहेत. तिकडं गल्ली नव्हती, मान देणारी माणसं नव्हती. तिकडं ती पुन्हा कमरेवर हात ठेवून ओरडेल, असं त्यांना वाटत होतं. निरोप समारंभात सगळ्यांनी त्यांना आदरणीय, सन्माननीय, वंदनीय म्हणून घेतलं. ते खाली मान घालून ऐकत होते.

स्वातंत्र्य आलं त्याच्या आदल्या हिवाळ्यात, नाताळच्या सुट्टीत, मी त्यांना भेटायला गेलो. मळण्या चालल्या होत्या. वस्ती आली, खाचर आलं, हाक काही आली नाही. मास्तर चुलीपाशी आक्काच्या उशाला बसले होते. अंगात तोच काळा कोट, थंडी होती म्हणून. आक्का वाळून मुठीएवढी झाली होती. मी विचारायच्या आधीच ते हळू आवाजात म्हणाले, “इथंही मास्तरच म्हणते हो. वस्तीतल्या लोकांनाही तिनं शिकवलं. आता सगळेच म्हणतात.”

दुपारी आक्काची तळमळ सुरू झाली. डोळे मिटलेलेच होते. “नाग्या,” ती म्हणाली. “नाग्या, खुटं गेलास रं? ये घरला.”

मास्तर तिच्या तोंडावर वाकले. “आक्का, मी हितंच हाय गं. ह्यो काय मी.”

तिनं डोळे उघडले. काळा कोट दिसला असावा. तिनं पदर डोक्यावर ओढून घेतला. “तुमी न्हवं वो मास्तर,” ती म्हणाली. “आमच्या नाग्याला बोलावतोय. ल्हान हाय त्यो. गुरांमागं गेलाय सकाळधरनं. पाया पडतो मास्तर तुमच्या, जरा भाईर बघा की.”

मास्तर उठले. दाराबाहेर पडले, अंगण ओलांडलं, खळं ओलांडलं आणि पार टोकाला, फणसाच्या झाडाखाली जाऊन उभे राहिले. आत आक्कानं सगळा जीव गोळा केला.

“नाग्याऽऽ!”

फणसाखाली त्या म्हाताऱ्या होत चाललेल्या माणसानं तोंडाला दोन्ही हात लावले. “ओऽऽ! आलो गंऽ आक्काऽऽ!” आवाज त्यांचा नव्हता. बारीक होता, पोराचा होता.

आक्काच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. “ऐकलासा?” ती मला म्हणाली. “हाय. जवळच हाय माझा.” आणि तिनं कूस बदलली.

मास्तर आत आले नाहीत. आले असते तर पुन्हा मास्तर झाले असते. जांबोटीची शेवटची मोटार चुकू नये म्हणून मी उन्हं उतरायच्या आत निघालो, तेव्हाही ते तिथंच होते. घरातून मधूनमधून हाक येत होती, आणि ते ओ देत होते.